चार नंबरची रीड

आमच्या बँडमध्ये नवा क्लॅरिनेटवाला आला की त्याचं नाव-गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कितीची वाजवतोस?"

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. क्लॅरिनेटचा जो भाग तोंडात धरायचा त्याला आम्ही चोच म्हणतो. तिला वेताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, ती रीड. फुंकर मारली की ती थरथरते आणि आवाज होतो. रीड मऊ असते किंवा कडक असते, आणि किती कडक हे तिच्या बुडाशी आकड्यात छापलेलं असतं. दीड, दोन, अडीच, तीन, असं चारपर्यंत आणि त्याच्याही वर. मऊ रीड शिकाऊंची. कडक रीडला छाती लागते, जबडा लागतो, मर्दाचं काम. म्हणजे आम्ही सगळे असंच समजत होतो. मी चारची वाजवत असे, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत असे.

पनवेलच्या या लग्नाच्या बँडमध्ये मी बावीस वर्षं पहिल्या रांगेत वाजवलं. नोकरी द्रोणागिरीला, एका गोदामात, कारकुनाची. घर कामोठ्यात. आठवडाभर मी आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी करतो, आणि लग्नसराईत शनिवार-रविवारी लाल कोट घालून वरातीपुढे चालतो. आता वरातीत स्पीकर लावलेली गाडी असते, कीबोर्ड असतो, माइक धरून गाणारा असतो. तरी नवरा मांडवाशी पोहोचला की लोकांना तोंडाने फुंकलेलंच लागतं. तेव्हा पहिली रांग पुढे येते. त्या रांगेत मधोमध माझी जागा होती. आयुष्यात मधोमध म्हणावी अशी तेवढी एकच जागा मला मिळाली होती.

आमची अशी एक वेगळीच बोली आहे. चोचीतून नको तिथे किंचाळी फुटली की ‘कोंबडी सुटली’. एखाद्याचा दम संपला आणि शेजाऱ्याने गुपचूप त्याचे सूर उचलले की ‘झाकलं’. आणि सगळ्यांत मोठा शब्द ‘ओठ’. अमक्याला ओठ आहे, म्हणजे तो दोन तास उन्हात वाजवूनही शेवटच्या गाण्याला पहिल्यासारखाच टिकतो. अमक्याचा ओठ गेला, एवढं कोणी म्हटलं की पुढे बोलत नाहीत, विषय बदलतात.

बाहेरचे लोक मात्र ‘भाव, भाव’ करतात, आणि माझं डोकं फिरतं. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला एकदा जिन्यात ऐकवलं, तंत्र काय हो, कोणीही शिकतं, मुख्य भाव हवा. मी त्यांना घरी नेलं, चोच धुऊन तोंडात दिली आणि म्हटलं, काढा भाव. त्यांच्या भावाची कोंबडी सुटली. तेव्हापासून ते लिफ्टने जातात. भाव घरोघरी असतो हो. तो ओठापर्यंत आणायला ओठ लागतो, श्वास लागतो, रोजचा तासभर लागतो. हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. फक्त ओठ म्हणजे काय, ते मला छप्पन्न वर्षांचा होईपर्यंत कळलं नव्हतं.

श्रावणातली गोष्ट. स्टेशनवरून मी शेअर रिक्षाने घरी येत होतो. मांडीवर क्लॅरिनेटची पेटी होती. कामोठ्याच्या सेक्टरांमधला रस्ता नेहमीसारखा खोदलेला. समोरून एक टेम्पो आडवा आला आणि रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. शहाणा माणूस अशा वेळी समोरचा दांडा धरतो. मी दोन्ही हातांनी पेटी धरली. पेटी वाचली, आणि दांड्यावर माझं तोंड आपटलं.

शेजारची बाई ओरडली, "अहो काका, रक्त!" मी आधी पेटी उघडून क्लॅरिनेटच्या चाव्या हलवून पाहिल्या. सगळ्या ठीक होत्या. मग खाली वाकून माझे वरचे समोरचे दोन दात शोधायला लागलो. रिक्षावाला बिचारा घाबरून मोबाइलचा दिवा दाखवत होता.

क्लॅरिनेट वाजवताना वरचे समोरचे दात चोचीवर टेकवायचे असतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून त्यावर रीड ठेवायची असते. म्हणजे सगळ्या तोंडातले नेमके हवे होते तेच दोन गेले. हात मोडला असता तर जुळला असता. आरशात ती काळी खिडकी पाहिली आणि मला एकच दिसलं, पहिल्या रांगेतली माझी जागा गेली. बायको म्हणाली, "अहो, आधी जेवणार कसं त्याचा विचार करा." मी तिच्यावर उगाचच खेकसलो. तिने भात मऊ शिजवला आणि गरम वरण कालवून समोर ठेवला. ते दोन महिने तिने माझं जे सहन केलं, त्याबद्दल मी तिला तोंडाने कधी काही बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दातांची डॉक्टर आमच्याच सेक्टरमध्ये, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर बसते. वयाने माझ्या मुलीएवढी. तिने तोंड तपासलं आणि म्हणाली, "काका, आधी काढता-घालता येणारे दोन दात देते. हिरड्या नीट भरल्या की पुढे पक्के बसवू. पण तुम्ही ते वाद्य घेऊन या. तोंडात कसं धरता ते मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी मी क्लॅरिनेट घेऊन गेलो. त्या आडव्या होणाऱ्या खुर्चीत ताठ बसलो, तोंडात दात नसताना चोच धरून दाखवली, आणि फुंकली. जी काय कोंबडी सुटली, खालच्या क्लासमधला पाढ्यांचा गलका एकदम थांबला. डॉक्टर मात्र हसली नाही. तिने आरसा घालून माझे खालचे दात बघितले, ओठ उलटा करून आतला घट्टा बघितला.

"काका, तुम्ही वाजवता की चावता?"

मला राग आला. आमच्यात ‘चावरा’ ही शिवी आहे. मी तिला रुबाबात समजावलं की मी चार नंबरची रीड वाजवतो, तिला दाब लागतोच.

"मग मऊ घ्या ना," ती म्हणाली. जणू भाजीत तिखट कमी घाला म्हणून सांगत होती. "एवढा दाब मी देतेय त्या दातांना नाही चालणार. हिरडी दबेल. वाजवायचं असेल तर हलकं वाजवा, नाहीतर पक्के दात बसेपर्यंत थांबा."

थांबणं म्हणजे लग्नसराई घालवणं. लग्नसराई सुरू होते तुळशीच्या लग्नानंतर. आमच्याकडे त्याआधीच्या एका रविवारी सकाळी तालीम असते. त्या तालमीत प्रत्येकाला एकट्याने वाजवून दाखवावं लागतं, आणि मास्तर वर्षभराच्या जागा ठरवतात. मास्तर म्हणजे आमचे बँडमास्तर, सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. तिथे वशिला नाही, वय नाही, जुनी ओळख नाही. मी अनेकांना त्या तालमीत मागच्या रांगेत जाताना पाहिलं होतं. खरं सांगायचं तर पाहून थोडा सुखावलोही होतो.

गणपतीच्या मिरवणुका माझ्याशिवाय झाल्या. मी गॅलरीत उभा राहून लांबून बँड ऐकला आणि आत येऊन दार लावून घेतलं.

मग ते काढता-घालता येणारे दात मिळाले आणि मी मोबाइलवरून दोन नंबरच्या रीड मागवल्या. पाकीट आलं तेव्हा कपाटात कपड्यांखाली ठेवलं, काहीतरी लाजिरवाणं आणल्यासारखं. एका दुपारी स्वयंपाकघरात उभा राहून मी ब्लेडने एकेका रीडच्या बुडाचा छापील आकडा खरवडून काढत होतो. बायको चहा टाकायला आली.

"किंमत खोडताय?"

"नंबर खोडतोय."

"का?"

मी सांगितलं. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "म्हणजे माझी मावशी स्वस्तातल्या साडीचा छाप लपवते तसंच." चहाची पूड टाकताना तिचा खांदा हसण्याने हलत होता.

सराव कुठे करायचा हा प्रश्न होता. घरात केला असता तर सोसायटीला कळलं असतं की याचा ओठ गेला. गोदामामागच्या आवारात रिकामे कंटेनर पडून असतात. तिथल्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "बसा की, उंदरांना तेवढीच करमणूक." जेवणाच्या सुट्टीत मी लोखंडी कंटेनरात जाऊन बसू लागलो. त्यात आवाज चारी बाजूंनी परत येतो, काही लपत नाही.

पहिल्या दिवशी आवाजच निघाला नाही. नुसती हवा. मला वाटलं रीड खराब. दुसरी लावली, तेच. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. चारची रीड चावली की वाजायची, दोनची रीड चावली की मिटायची. बावीस वर्षं माझा जबडा जे करत होता, तेच आता आवाजाचा गळा दाबत होतं. मी ओठ सैल केला तर सूर लोंबायचा. पुन्हा आवळला की हवा. शेवटी कळलं की सूर खालून, पोटातल्या हवेने उचलून धरायचा असतो, आणि ओठाने त्याला फक्त वाट द्यायची असते. हे मी नव्या मुलांना शेकडो वेळा सांगितलं होतं. स्वतः एकदाही केलं नव्हतं. कडक रीडला मी ताकद समजत होतो आणि तिच्याआड माझं कच्चेपण लपलं होतं. कंटेनरात बसून मला स्वतःची इतकी लाज वाटली की डबा तसाच घरी परत नेला.

खंडेनवमीला आम्ही वाद्यांची पूजा करतो. बँडच्या गाळ्यात पांढरं कापड अंथरून ट्रंपेट, ढोल, क्लॅरिनेट सगळं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. रीडला कुंकू लावलं तर ती खराब होते. म्हणून सगळ्यांच्या रीड उतरवून एका तबकात ठेवतात आणि त्यांना नुसती पाकळी वाहतात. हे तबक दरवर्षी स्वतः मास्तर करतात. बाकीचे तेव्हा बाहेर चहा पीत असतात. मी भीतभीतच गेलो होतो. माझी खरवडलेली रीड मी कागदात गुंडाळून, बूड आत दडपून दिली होती.

मास्तर मला म्हणाले, "यंदा तबक तू कर. माझी कंबर धरलीय."

मी खाली बसलो. एकेक कागद उलगडून रीड तबकात ठेवू लागलो. सात क्लॅरिनेटवाले, सात रीड. पहिली हातात घेतली तर तिच्या बुडाशी आकडा नाही. ब्लेडच्या रेघा. मला वाटलं ही माझीच. नव्हती. दुसऱ्या रीडचा आकडा पॉलिशपेपरने घासलेला. तिसरीवर काळ्या मार्करचा ठिपका. चौथीवर कोणी तरी बॉलपेनने ठसठशीत चार काढला होता आणि त्याच्याखालून छापील दोन स्पष्ट दिसत होता. पाचवी पुन्हा ब्लेड. सहावी माझी.

मी त्या तबकासमोर बसून हसायला लागलो आणि हसता हसता डोळे भरून आले. ही सगळी पहिल्या रांगेतली मंडळी. एकमेकांना "कितीची?" विचारून "साडेतीन," "चार," म्हणून छाती फुगवणारी. सगळे आपापल्या स्वयंपाकघरात ब्लेड घेऊन उभे होते.

सातवी रीड आपट्याच्या काकांची. हे काका पाताळगंगेकाठच्या आपट्याहून येतात, आमच्यात सर्वांत वयस्क, कायम दुसऱ्या रांगेत. त्यांच्या आवाजाबद्दल सगळे म्हणायचे, देवाची देणगी आहे. त्यांच्या रीडवर आकडा जसाच्या तसा होता. दीड.

बाहेर जाऊन मी त्यांना हळूच विचारलं, "काका, तुम्ही दीडची वाजवता?"

"आमी पयल्यापासून दीडचीच वाजवतो," काका बशीतला चहा फुंकत म्हणाले.

"कधी बोलला नाहीत."

"मना कोनी इचारलाच नाय."

खरंच होतं. म्हाताऱ्या माणसाला, तेही मागच्या रांगेतल्या, कितीची वाजवता म्हणून कोण विचारणार? आम्ही देणगी म्हणून मोकळे झालो होतो. देणगी म्हटलं की शिकायची जबाबदारी राहत नाही.

पूजा आटोपून सगळे गेल्यावर मी मास्तरांजवळ थांबलो. म्हटलं, "मास्तर, तबक तर दरवर्षी तुम्हीच करता."

"हो."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांचं माहीत होतं."

"बरीच वर्षं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"कशाला? ज्याची त्याची लाज असते. वाजतंय तोवर मी कोणाच्या रीडचा नंबर काढत नाही."

"आणि यंदा तबक मला दिलंत ते..."

"सांगितलं ना, कंबर धरली होती," असं म्हणून त्यांनी खाली वाकून युफोनियम उचललं, ते भलं जड पितळी धूड डोक्यावर नेऊन वरच्या खिळ्याला अडकवलं आणि हात झटकत दिवा बंद केला.

कोणीतरी आपल्याला न दुखवता सावरलंय हे मला कळलं. मी नुसता नमस्कार केला. ते "बरं बरं" म्हणाले.

त्यानंतर मी आकडा खरवडणं सोडलं. रोज कंटेनर. शनिवारी काकांकडे आपट्याला जाऊ लागलो. ते शिकवत काही नसत. ओसरीवर बसून एकच सूर धरायचे, मी त्याला लावून धरायचा. माझा जबडा आवळला की त्यांना न बघता कळे. "चावलास," एवढंच म्हणायचे. दुपारपर्यंत शंभरदा म्हणायचे. माझ्यासारख्या तापट माणसाने हे कोणाचंही ऐकून घेतलं नसतं. त्यांचं ऐकलं, कारण त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, नुसती बातमी होती.

तालमीच्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी रीड बांधताना मुद्दाम आकडा वर ठेवला. पाठवणीला वाजवतो ते गाणं घेतलं. मुखडा नीट गेला. खालचे सूर इतके मोकळे माझ्याकडून पूर्वी कधी निघाले नव्हते, ते मलाच ऐकू येत होतं. पण अंतऱ्यात वर जायची वेळ आली. पूर्वी मी तिथे चावत असे. आता चावलो नाही. सूर आला, पण बारीक आला आणि किंचित खाली राहिला. दुसऱ्या खेपेला तोही थकला. मी तरी गाणं पुरं केलं.

सगळ्यांना वाटत होतं, मास्तर सांभाळून घेतील. बावीस वर्षांचा माणूस, अपघात झालेला. मलाही कुठे तरी तसंच वाटत होतं.

मास्तर म्हणाले, "आवाज पहिल्यापेक्षा चांगला झालाय. ओठ अजून नाही. दुसरी रांग."

मला ते लागलं. आणि लगेच, हे लिहितानाही मला नवल वाटतं, बरं वाटलं. खोडलेल्या आकड्यांबद्दल ज्या माणसाने एवढी वर्षं तोंड उघडलं नाही, त्याने माझ्या वाजवण्याबद्दल मात्र एक शब्दही खोटा सांगितला नाही. कीव करून मला मधोमध उभं केलं असतं तर मी ते रोज अंगावर वागवलं असतं. मी वाजवणारा म्हणून त्यांनी मला मोजलं होतं. त्याबद्दल मी त्यांचा जितका ऋणी आहे, तितका तबकाबद्दलही नाही.

पहिलं लग्न पनवेलातच होतं, सकाळच्या मुहूर्ताचं. मी लाल कोट घालून दुसऱ्या रांगेत काकांच्या डावीकडे उभा राहिलो. पुढे माझ्या जागेवर माझ्याहून दहा वर्षांनी लहान एक जण होता, चांगला वाजवणारा. त्याची पाठ बघत मी सुरुवात केली.

दुसरी रांग चाल वाजवत नाही. चालीखालचे लांब सूर धरते. इतकी वर्षं मला वाटायचं, मागे काहीतरी भरीचं चाललेलं असतं. आता काकांच्या शेजारी उभं राहून मी ते ऐकलं. पुढचा प्रत्येक श्वास कुठे तुटणार हे काकांना आधीच ठाऊक होतं. तो तुटायच्या क्षणी त्यांचा सूर किंचित फुगत होता आणि भेग बुजवून पुन्हा मागे जात होता. वरच्या सुरावर पुढचा गडी जरा डळमळला, तर काकांनी खालून असा टेकू दिला की तो डळमळला हे त्यालाही कळलं नसेल. मलाही कधी कळलं नव्हतं. चार नंबरची रीड चावत मी वर चढायचो आणि लोक माना डोलवायचे, तेव्हा बावीस वर्षं हे माझ्या पाठीशी वाजत होतं.

दोन गाण्यांच्या मध्ये ढोल तेवढा चालू होता. मी काकांच्या कानाशी वाकलो. "काका, इतकी वर्षं तुम्ही मला झाकत होतात."

काकांनी रुमालाने चोच पुसली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता त्याला झाक. तो बघ, दम घेतला नाय त्यानं."

मी समोर बघितलं. गाणं सुरू झालं. तिसऱ्या ओळीला त्याचा श्वास तुटला, आणि मी तिथे होतो.